सोलापुरातल्या आठ गुंठ्यांसाठी महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
आणि शहरातल्या मैदानांविषयी निर्णय घेणारे सर्व लोकप्रतिनिधी

विषय: लॉन बोल्ससाठी आठ गुंठे जागा, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवण्याची लेखी अट

स. न. वि. वि.

या पत्रात दोन मागण्या आहेत. पहिली सरळ आहे. महापालिकेच्या ताब्यातल्या एखाद्या क्रीडांगणाच्या कडेला लॉन बोल्स या सपाट मैदानावर गोळे घरंगळवण्याच्या खेळासाठी आठ गुंठे जागा द्यावी. दुसरी अशी, की ती जागा देताना आमच्यावर लेखी अट घालावी: इथे खेळायला येणाऱ्या कुणालाही त्याची जात, धंदा, ऐपत, वय किंवा बाई-पुरुष हे पाहून परत पाठवता येणार नाही, आणि पाठवलं तर महापालिका जागा परत घेईल. जागा मागणारे सहसा अटी सैल करून मागतात. आम्ही उलट अट का मागतोय, हे सांगायचं म्हणूनच हे पत्र लांबलं आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावं.

मी निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे. कबड्डी, खो-खो, लंगडी, गोळाफेक हे माझे विषय. लॉन बोल्स हा खेळ मी पहिल्यांदा नीट पाहिला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, टीव्हीवर. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी उपांत्य फेरीत न्यूझीलंडला १६-१३ असं हरवलं आणि २ ऑगस्टला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१०. अंतिम सामन्यात सुरुवातीची आघाडी हातची गेली होती, आफ्रिका १०-८ ने पुढे होती, आणि तिथून या बायकांनी सामना ओढून आणला. या खेळातलं राष्ट्रकुलमधलं भारताचं ते पहिलं पदक, आणि तेही सोन्याचं. त्याच आठवड्यात पुरुषांच्या चौघांनी रौप्य मिळवलं.

मला पदकापेक्षा जास्त भिडली ती त्या चौघींची माहिती. लव्हली झारखंड पोलिसांत, आधी धावपटू. रूपा राणी रांचीची, आधी कबड्डी खेळणारी. नयनमोनी आसामची, आधी वजन उचलायची. पिंकी दिल्लीतल्या शाळेत माझ्यासारखीच खेळाची शिक्षिका. म्हणजे चौघीही दुसऱ्या खेळातून इकडे आलेल्या. आणि आल्या कुठून? आसाम, झारखंड, दिल्ली. गुवाहाटीला २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी हा खेळ झाला, दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुलसाठी मैदान झालं, रांचीजवळ नामकुमला २०११ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झालं. जिथे मैदान आधी आलं तिथेच खेळाडू तयार झाले. सोलापुरात कबड्डी सोडलेल्या, गुडघा दुखावलेल्या, लग्नानंतर मैदान सुटलेल्या माझ्या विद्यार्थिनी गल्लोगल्ली आहेत. त्यांना देण्यासारखा एक खेळ मला त्या दिवशी दिसला.

खेळ समजायला सोपा आहे. एका टोकाला छोटी चटई टाकायची. तिच्यावर उभं राहून पांढरा किंवा पिवळा छोटा चेंडू, ज्याला जॅक म्हणतात, निदान २३ मीटर लांब घरंगळत सोडायचा. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आपापले मोठे गोळे त्या जॅकच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. चौघांच्या खेळात प्रत्येकाला दोन गोळे. सगळे टाकून झाले की ज्या बाजूचा गोळा सगळ्यात जवळ तिला गुण, आणि समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जवळ तितके गुण. दोन गोळ्यांत वाद झाला की टेप लावून मोजायचं. खुबी आहे ती गोळ्यात. दीड किलोच्या आतबाहेरचा हा गोळा पुरता गोल नसतो. त्याची एक बाजू जरा जास्त उतरती घडवलेली असते. जोरात असताना तो जवळजवळ सरळ जातो आणि वेग मंदावला की एका अंगाला वळत जातो. त्यामुळे जॅकवर नेम धरून काही होत नाही. बाजूला, रिकाम्या जागेकडे बघून सोडावा लागतो आणि तो स्वतःच वळून येईल एवढा धीर धरावा लागतो. धावणं नाही, उडी नाही, धक्का नाही. वाकता येत नसेल तर गोळा धरायला दांडी मिळते. चाकाच्या खुर्चीवरून खेळतात. राष्ट्रकुल स्पर्धेत दृष्टिहीनांचे वेगळे सामने होतात.

आता आमच्याबद्दल. आमचा गट नोंदणीकृत नाही, त्याला अजून नावही नाही. पण सुरुवात झालेली आहे आणि ती आपल्या कानावर असावी.

आमच्यातल्या एकांचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. त्याने सुट्टीत येताना सामानातून चार जुने गोळे आणि एक जॅक आणला. सहा किलो सामान फक्त गोळ्यांचं. आईसाठी काय आणलं म्हणून घरी विचारणा झाली ती वेगळी. एका शाळेने सकाळी बास्केटबॉलचं कोर्ट वापरायला दिलं. काँक्रीटवर गोळा टाकला तर तो थांबायचं नाव घेईना, पार कुंपणाच्या जाळीपर्यंत गेला. तेव्हा मंडपवाल्याकडची हिरवी मॅटिंग आणायचं ठरलं. लग्नात वापरून मळलेल्या दोन लांब पट्ट्या त्याने सकाळपुरत्या फुकट दिल्या, संध्याकाळच्या कार्याआधी परत द्यायच्या या बोलीवर.

पट्ट्या अंथरल्या, पण त्यांच्या जोडावर गोळा उडायला लागला. आमच्यात एक काका आहेत, गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर (मुकादम) होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात काम केलं. ते उकिडवे बसले, जोडावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "ओ बाई, कपडा तिरका बसलाय की. गोळ्याला काय म्हणून दोष द्यायलाव?" दोन्ही टोकांना माणसं उभी करून त्यांनी मॅट ताणायला लावली, धारेला धार भिडवली आणि घरून दाभण-सुतळी आणून खालच्या अंगाने जोड टाचून काढला. वरून हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळेना.

तरी एक कोडं राहिलं. उजवीकडून सोडलेला गोळा वळतच नव्हता आणि डावीकडून सोडलेला नको तितका वळायचा. तेही काकांनीच सोडवलं. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप आणून त्यांनी कोर्टाचे चारही कोपरे तपासले. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून कोर्टाला उतार दिलेला होता. एक कोपरा चांगला दोन बोटं खाली निघाला. एकीकडून गोळ्याचं वळण आणि उतार एकमेकांना खात होते, दुसरीकडून एकमेकांत मिसळत होते. बास्केटबॉलला तो उतार योग्यच आहे. या खेळाला मात्र काही मिलिमीटरचा फरकही चालत नाही. हे मी मुद्दाम तपशिलात लिहिलं आहे, कारण आमची मागणी "कुठलीही रिकामी जागा द्या" अशी का नाही ते यातून लक्षात यावं.

पुढे लोक वाढत गेले. शाळेच्या भिंतीला लागून विडी कामगारांची वस्ती आहे. पत्ती आणायला कारखान्यात निघालेल्या बायका फाटकापाशी थांबून बघायच्या. मी त्यांना आत बोलावलं. पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, वर्षानुवर्षं मांडी घालून विड्या वळणाऱ्या या बायका. त्यातल्या एकीने पहिल्याच आठवड्यात सोडलेला गोळा जॅकपासून वीतभर अंतरावर थांबला. मी शिक्षिका म्हणून सांगते, तो नशिबाचा खेळ नव्हता. गोळा हातातून सुटतानाची बोटं या खेळात सगळं काही ठरवतात, आणि दिवसभर पानात तंबाखू मोजून भरणाऱ्या माणसाच्या बोटांना जी समज असते ती शिकवून येत नाही. आज आमच्या गटात अर्ध्याहून जास्त बायका आहेत. हळूहळू आणखी जुने गोळे जमवले आणि आता चौघा-चौघांचा सामना होतो.

पहिल्या बैठकीची नोंद एका फुलस्केप वहीत आहे. त्यात तीन ठराव लिहिले. वर्गणी सगळ्यांना सारखी, आणि ज्याला जमत नाही त्याला कुणी कारण विचारायचं नाही. कप्तान दर महिन्याला बदलायचा. आणि वही कुणाच्या घरी न ठेवता सामानाच्या पेटीत ठेवायची, म्हणजे कुणालाही उघडून वाचता यावी. ही तिसरी सूचना काकांची. युनियनची वही एका माणसाच्या घरी गेली की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं.

मग जागा गेली. शाळेने दिली होती तोवर आनंदाने दिली, पुढे सुट्टीत तिथे बांधकाम निघालं. तक्रार नाही. त्यानंतर एका खासगी संस्थेने आम्हाला बोलावलं. सुंदर हिरवळ, भोवती फुलझाडं, बाहेर फाटकावर वॉचमन. हिरवळीचा एक भाग आम्हाला कायमचा मिळणार होता. मात्र आत यायचं तर त्या संस्थेचं सभासदत्व हवं, आणि त्याची रक्कम आमच्यातल्या मोजक्या दोघा-चौघांनाच परवडणारी होती. बाकीच्यांनी "पाहुणे" म्हणून यावं, महिन्यातून ठरावीक वेळा. आम्ही बैठक घेतली. ज्यांना सभासदत्व परवडलं असतं त्यांनीच आधी नको म्हटलं. पुन्हा मॅटिंग गुंडाळली. सध्या जिथे जमेल तिथे अंथरतो.

याच काळात मी या खेळाचा मागचा इतिहास वाचायला घेतला. वाचताना वाटलं, आम्ही नको म्हटलं ते योग्यच केलं. या खेळात फाटकावरचा वॉचमन पाच शतकांपासून उभा आहे.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला १२९९ पासून चालत आलेलं या खेळाचं मैदान आहे आणि तिथे आजही खेळतात. पण १५४१ साली राजा आठव्या हेन्रीच्या काळात कायदा झाला: कारागीर, शेतमजूर, मजूर, मच्छीमार, घरगडी, शिकाऊ उमेदवार, यांनी हा खेळ खेळायचा नाही. खेळायचा तर फक्त नाताळात, तोही मालकाच्या घरात, मालकाच्या देखत. कारण काय, तर लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून यात वेळ घालवू नये. वर्षाला १०० पौंडांचं उत्पन्न देणारी जमीन ज्यांच्याकडे, त्यांना मात्र आपल्या खासगी हिरवळीवर खेळायचा परवाना मिळे. ही बंदी कागदावरून निघाली ती १८४५ साली. तीनशे वर्षं हा खेळ हाताने काम करणाऱ्यांना कायद्याने मना होता.

आणि गंमत नव्हे, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट ही, की आजचं त्याचं रूप घडवलं ते कापडाच्या धंद्यातल्या माणसांनी. सोलापूरच्या वाचकाला हे मी आवर्जून सांगते. पूर्वी हिरवळ विळ्याने कापत किंवा मेंढ्या चारून आखूड ठेवत. गोळा नीट घरंगळेल अशी सपाट हिरवळ फार थोड्यांना परवडे. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने इंग्लंडमधल्या स्ट्राउड इथे १८३० साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा भाग. विणून झालेल्या कापडावरची लव गोल फिरणाऱ्या पात्यांनी सारखी कापायचं यंत्र गिरणीत असे, त्यावरून बडिंगला गवत कापायची कल्पना सुचली. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यात शिअरिंगवर काम केलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागणार नाही. काकांना सांगितलं तर त्यांनी मलाच त्या यंत्राच्या पात्याचा कोन कसा लावतात ते समजावून सांगितलं.

दुसरा माणूस ग्लासगोचा. विल्यम वॉलेस मिचेल, जन्म १८०३, धंदा कापसाचा. अकराव्या वर्षी तो किल्मार्नॉकच्या मैदानावर खेळायला लागला. तिथला क्लब १७४० चा, स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना. त्या काळी गावोगावी मैदानं होती पण प्रत्येक गावाचे नियम निराळे, त्यामुळे एका गावाने दुसऱ्याशी खेळायचं म्हटलं की भांडण. १८४८ साली स्कॉटलंडमधले सुमारे दोनशे खेळाडू ग्लासगोच्या टाउन हॉलमध्ये जमले. सगळ्यांसाठी एकच नियम लिहून काढायचं काम मिचेलकडे आलं. आज जगभर जे नियम चालतात त्यांचं मूळ त्या कामात आहे. म्हणजे पहिल्या गिरण्यांच्या गावांत, नगरपालिकेच्या सभागृहात, कापसाच्या व्यापाऱ्याच्या लेखणीने हा खेळ एकसूत्री झाला. आपल्याकडे जुनी गिरणी सुरू झाली १८७७ ला. त्या गिरणीच्या जोरावर वाढलेल्या गावाला हा खेळ परका म्हणायचं कारण मला दिसत नाही.

पण नियम आले तरी फाटक लगेच उघडलं नाही. इंग्लंडमधली पुरुषांची संघटना १९०३ ची; तिचे पहिले अध्यक्ष डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस, तेच इंग्लंडचे नावाजलेले क्रिकेटपटू. बायकांची वेगळी संघटना झाली १९३१ ला. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या बायकांनी १९०७ मध्ये आपली संघटना काढली होती. इंग्लंडमधल्या या दोन संघटना एकत्र आल्या २००८ साली. मैदान एकच, गोळे तेच, नियम तेच, आणि पुरुषांची संघटना निघाल्यापासून एका छताखाली यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. सुरुवातीला जे घटनेत लिहिलं जातं ते मागाहून काढायला पिढ्या जातात. म्हणून आमची अट पहिल्या दिवशीच हवी.

आपल्याकडे तालमी कशा उभ्या राहिल्या ते आठवा. पत्रा तालीम असो, थोरला मंगळवेढा तालीम असो, पेठेची तालीम पेठेतल्या पोरांची. तिथे आत जायला कुणाचं शिफारसपत्र लागत नव्हतं. आम्हाला बोल्सचं मैदान तसं हवं आहे, फक्त त्यात बायकांना सुरुवातीपासून जागा हवी.

आणि सार्वजनिक जागेवर हा खेळ चांगला होत नाही असं कुणी म्हणेल तर दोन नावं सांगते. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं लॉन बोल्स ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानाच्या मैदानावर झालं. २०२२ ला आपल्या चौघींनी सोनं जिंकलं ते लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, तेही गावाचं उद्यान. जगातल्या मोठ्या स्पर्धा नगरपालिकांच्या बागेत होऊ शकतात.

आता जागेचं. पूर्ण मैदान म्हणजे साधारण ४० मीटर लांब, ४० मीटर रुंद, म्हणजे सोळा गुंठ्यांच्या आत. आम्ही त्याच्या निम्मं मागतोय: ४० बाय २० मीटर. त्यात चार पट्ट्या, म्हणजे एकेक सामना खेळायच्या चार लांबट जागा, बसतात. नियमाप्रमाणे पट्टीची रुंदी ४.३ ते ५.८ मीटर लागते. एका पट्टीवर चार विरुद्ध चार. म्हणजे एका वेळी ३२ माणसं आठ गुंठ्यांत खेळू शकतात. क्रिकेटच्या मैदानाशी आमची स्पर्धा नाही. क्रिकेटपटू पॉली उम्रीगर याच गावात जन्मले, पार्क स्टेडियमचा आम्हालाही अभिमान आहे. कडेची, वाया गेलेली, वाहनं लावायला वापरली जाणारी लांबट पट्टीसुद्धा आमचं काम भागवेल. होम मैदानासारखी जिथे दर संक्रांतीला गड्डा भरतो अशी जागा मात्र आम्ही मागणार नाही. ती सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची आहे, आणि पाळणे उभे करायला खड्डे घेतले की आमचं मैदान तसंही संपलं.

खरं गवत आम्हाला नको. याबाबत गटात एकमत आहे. हिशोब साधा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये, पारा ४२-४३ वर असताना, आखूड हिरवळीला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर तरी पाणी लागेल. आमच्या ८०० चौरस मीटरला ते रोजचं चार-पाच हजार लिटर होतं. ज्या गावात उजनीतलं पाणी येऊनही कित्येक वस्त्यांत नळ रोज येत नाही, तिथे आमच्या खेळासाठी रोज अर्धा टँकर ओतलेला कुणालाही बघवणार नाही, आम्हाला तर नाहीच. या खेळाच्या नियमांत कृत्रिम पृष्ठभाग मान्य आहे. विणलेलं किंवा सुयांनी ठोकून बसवलेलं कार्पेट अंथरून जगात ठिकठिकाणी सामने होतात.

कार्पेटखालचा पाया हा मात्र खरा खर्च आहे, आणि इथे घाई करून चालणार नाही. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून नुसता मुरूम टाकून रोलर फिरवला तर पहिल्या पावसाळ्यानंतर मैदान लाटांसारखं होईल. काळी माती खोदून काढावी लागेल, मुरूम थराथराने दाबावा लागेल, त्यावर खडी, त्यावर कच, कडेने गोळा अडवणारा चर आणि पाणी काढायला पाइप. महापालिकेच्या अभियंत्यांना हे मी काय सांगायचं. रस्त्याखाली ते हेच करतात. फक्त इथे लेव्हल रस्त्यापेक्षा कितीतरी काटेकोर लागेल. पायासाठी निधी एकदम उपलब्ध नसेल तर पहिल्या वर्षी दोनच पट्ट्यांचा पाया पक्का करावा. चार कच्च्या पट्ट्यांपेक्षा दोन पक्क्या बऱ्या. कार्पेट, गोळे आणि पेटीचा खर्च आम्ही वर्गणी व देणग्यांतून उभा करू.

याशिवाय दिवे हवेत, कारण इथल्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उघड्यावर कुणी उभं राहू शकत नाही आणि विडीवाल्या बायकांना वेळ मिळतो तो संध्याकाळीच. आणि स्वच्छतागृह हवं, चालू स्थितीतलं, बायकांसाठी वेगळं. मी इतकी वर्षं मुलींना मैदानावर नेलं आहे. मुली मैदान सोडतात त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि ते कुणी कागदावर लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

अटीचा मसुदा आम्ही सोबत जोडून देऊच, पण त्यातलं मुख्य इथे सांगते. आठवड्यातल्या दोन सकाळी मैदान महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी राखीव राहील आणि शिकवायला मी व माझ्या सहकारी शिक्षिका विनामोबदला येऊ. समितीत निम्म्या बायका असतील. नोंदवही मैदानावरच राहील आणि कुणीही मागितली तर दाखवावी लागेल. मैदान लग्नकार्याला, प्रदर्शनाला, सभेला भाड्याने देता येणार नाही. हा नियम आमच्याइतकाच महापालिकेलाही लागू असावा अशी विनंती आहे. आणि मैदानाला निदान पहिली पाच वर्षं कुणाचंही नाव देऊ नये. नाव आलं की त्याच्याबरोबर फलक, उद्घाटन आणि मतभेद येतात, तेवढ्यात पट्ट्यांकडे बघायला कुणी राहत नाही.

यातली कुठलीही अट कायद्यात बसत नसेल तर ती कशी बसवावी हे आपल्या विधी विभागाने आम्हाला सांगावं, आम्ही शब्द बदलू. अट काढून टाकून नुसती जागा मिळत असेल तर ती आम्हाला नको आहे. हे बैठकीत ठरलं आहे आणि वहीत सगळ्यांच्या सह्यांनी नोंदलं आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत.

आपल्या अधिकाऱ्यांनी जागा पाहायला यावं. वेळ कळवली तर आम्ही मॅटिंग, गोळे आणि लेव्हल पाइप घेऊन तिथे हजर राहू, म्हणजे खेळ काय आहे तो कागदावर वाचण्याऐवजी आपण स्वतः दोन गोळे टाकून बघू शकाल. आपल्या क्रीडा विभागातल्या महिला कर्मचाऱ्यांनीही आवर्जून यावं.

कळावे,

लॉन बोल्स खेळणाऱ्या आम्हा सर्वांच्या वतीने
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सोलापूर